दुसरा साक्षीदार

हजेरी घेताना आमच्या सरांना नुसतं 'हजर' चालायचं नाही. पोरानं 'हजर सर' म्हटलं, की ते चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "पुरावा?" मग शाळेला येताना वाटेत जे दिसलं त्यातलं काहीतरी सांगायचं. "गिरणीचा पट्टा तुटलाय सर." "सायकलच्या दुकानात भांडण लागलंय सर." एवढं सांगितलं की हजेरी लागायची. ज्याला काहीच दिसलं नाही तो समोर उभा असला तरी गैरहजर. "देह आलाय, पावणं अजून वाटंतच हाईत," म्हणून ते पुढचं नाव घ्यायचे.

आम्ही त्यांना पुरावा सर म्हणायचो. त्यांच्या कानावर ते गेलं होतं. "कोन म्हनतं?" एवढंच त्यांनी विचारलं. कुणी साक्ष द्यायला पुढं आलं नाही, म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला.

मला याद्या करायची सवय लागली ती त्यांच्यामुळं. वाटेत दिसलेलं विसरू नये म्हणून मी तळहातावर पेनानं लिहून आणायचे. आता मी मंगल कार्यालय चालवते. केळीचे खांब, पाण्याचे टँकर, रुसणाऱ्या मंडळींना बसवायच्या खुर्च्या, सगळं यादीत असतं. तळहातावरची यादी फोनमध्ये गेली, एवढाच फरक.

सर इतिहास शिकवायचे. सायकलवरून यायचे, आणि सायकलवर लाल हेल्मेट घालायचे. आमच्या गावात मोटारसायकलवाले हेल्मेट घालत नव्हते तेव्हापासून. खिशात तिखट चुरमुऱ्यांचं भडंग असायचं. रागावले की मूठभर काढून खायचे, त्यामुळं ते कधी ओरडल्याचं मला आठवत नाही. तोंड भरलेलं असायचं. मुलगा असो, मुलगी असो, शिपाई असो की शिक्षणाधिकारी असो, सगळ्यांना ते 'पावणं' म्हणायचे. एकदा आम्ही विचारलं, सर, आम्ही पावणं कसे? ही आमचीच शाळा आहे.

"तुमची कशी? तुमी येनार, शिकनार, जानार. मी बी तसाच. हितली मालकीन म्हस हाय."

हे ते चेष्टेत म्हणत नव्हते. आमचं उपनगर आता कोल्हापुरात मिसळून गेलंय, पण तेव्हा शाळेच्या मागं उसाचे फड सुरू व्हायचे. आठवीत गेलं की इतिहासाचा पहिला तास सर वर्गात घ्यायचेच नाहीत. सगळ्यांना प्रयोगशाळेच्या मागच्या जुन्या भिंतीपाशी न्यायचे. त्या भिंतीत एक गंजलेली लोखंडी कडी आहे. "हिला हात लावा. ही आपल्या शाळंची पहिली वस्तू. फळा नंतर आला."

शाळा सुरू झाली ती म्हशींच्या गोठ्यात. गोठा एका विधवा बाईंचा. सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं. दिवसा म्हशी चरायला जायच्या आणि गोठा रिकामा असायचा. आक्का म्हणाल्या, तेवढ्या वेळात पोरं बसू देत. संध्याकाळी पोरं घरी, म्हशी परत. पुढं त्यांनी गोठाही दिला आणि मागचं रानही. त्याबदल्यात त्यांनी एकच गोष्ट मागितली. पहिल्या मास्तरांना त्या म्हणाल्या, "पाडव्याला माझ्या म्हशी नटून येतील. त्या दिवशी फाटक लावायचं न्हाय." आणि मास्तर म्हणाले, "व्हय."

पहिल्या वर्गातल्या पोरांमध्ये सर स्वतः होते. हे 'व्हय' त्यांनी कानांनी ऐकलेलं होतं. "शाळंनं आयुष्यात दिलेला हा पयला शब्द," असं सांगताना ते भडंग खायचे नाहीत.

कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवतात, शिंगं रंगवतात, कवड्यांच्या माळा घालतात आणि मोटारसायकलच्या मागं पळवतात. आक्कांच्या घरच्या म्हशी त्या दिवशी बोळातल्या जुन्या फाटकातून शाळेत यायच्या, कडीच्या भिंतीपाशी थांबायच्या, गूळ खायच्या आणि परत जायच्या. मी शाळेत असल्यापासून हे बघत आलेय. सुट्टी असूनही आम्ही झाडून सगळे हजर असायचो, आणि त्या दिवशी पुरावा कुणी मागायचं नाही.

सरांना मोठे शब्द सोसायचे नाहीत. एका प्रजासत्ताकदिनी पाहुणे भाषणात म्हणाले, की इथं लावलेल्या इवल्याशा रोपट्याचा आज वटवृक्ष झाला आहे. सर मागच्या रांगेतून उभे राहिले. "सायेब, शाळंत वड न्हाय. कडूलिंब हाय. त्यो बी शेजाऱ्याचा, फांद्या तेवढ्या आपल्यात." पाहुणे थांबले, त्यांनी वर पाहिलं आणि पुढचं भाषण लवकर आवरलं.

घरीही तेच. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, सांगायच्या, "बघायला आलते तेव्हा माझे वडील म्हणाले, पोरीला स्वयंपाक येतो. हे म्हणाले, पुरावा? मला इतका राग आला. आत गेले, भाकरी थापली आणि मुद्दाम करपवली. यांनी ती सगळी खाल्ली. म्हणाले, पुरावा मान्य."

"मग तुम्ही हो का म्हणालात?"

"करपलेली भाकरी न बोलता खाणारा माणूस पुन्हा भेटला असता का गं?"

काही वर्षांपूर्वी शाळेच्या महोत्सवाची स्मरणिका काढायचं ठरलं आणि मला समितीची निमंत्रक केलं, कारण मी याद्या करते. 'शाळेचा इतिहास' हे काम यादीत पहिलं होतं. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी दुसरं नाव कुणाला सुचलं नाही. मी त्यांना पंधरा दिवसांत चार पानं मागितली. ते म्हणाले, "पुरावे जमले की देतो."

त्याच सुमारास संस्थेच्या अध्यक्षांनी शाळेभोवती नवी भिंत घालायला काढली. अध्यक्ष माझ्या पुढच्या वर्गात होते. माणूस वाईट नाही. इंग्रजी माध्यमाच्या बसगाड्या आमच्या दारावरून पोरं गोळा करून नेत होत्या, आणि शिक्षक घरोघरी प्रवेश मागायला गेले की आया विचारायच्या, "म्हशीच्या शाळंत घालायचं व्हय पोराला?" म्हणून त्यांनी मोठ्या रस्त्याला नवं गेट, आत रंगीत फरशा आणि बोळातल्या जुन्या फाटकाच्या जागी सलग भिंत असं ठरवलं. म्हशींना पाडव्याला बाहेरूनच नमस्कार.

सर अध्यक्षांकडं गेले आणि आक्कांना दिलेला शब्द सांगितला. अध्यक्ष नम्रपणे म्हणाले, "सर, चाल होती हे सगळ्यांना माहीत आहे. शब्द दिला होता हे तुम्ही एकटे सांगताय. मीटिंगमध्ये ठेवू. पुरावा तेवढा आणा."

सरांचा नियम होता की एक साक्षीदार म्हणजे साक्षीदार नाही, दोन लागतात. आणि इतिहास लिहिणारा स्वतःच साक्षीदार असला तर दुसरा लागतोच लागतो. आक्का नव्हत्या, मास्तर नव्हते. पहिल्या वर्गातले दोघे हयात असल्याचं कळलं: एक हुपरीला, एक गडहिंग्लजला. मी गाडी काढली.

हुपरीचे आण्णा चांदीचे पैंजण करायचे. आता हात थरथरतो म्हणून मुलगा करतो आणि आण्णा शेजारी बसून चुका काढतात. सरांनी विचारलं, "शाळा सुरू झाली तवाचं काय आठवतंय?"

"आठवतंय की! मास्तरानं मला हितं हाणलं हुतं," आण्णांनी कानामागची जागा दाखवली. "काय कारन न्हाई बघ. म्हस हागली, मी हासलो."

"आनि आक्का?"

"आक्का दूध द्यायची. कडक बाई."

"आनि?"

"आनि काय? चा घेनार न्हवं?"

सरांनी चहाला मान डोलावली. मला घरी जाऊन दुसऱ्या दिवशीच्या लग्नाचं बघायचं होतं. मी म्हटलं, "आण्णा, पाडव्याला म्हशी आत येतील, फाटक लावायचं नाही, असं आक्का मास्तरांना म्हणाल्या होत्या ना?"

"व्हय व्हय! म्हनल्या असतील की," आण्णा म्हणाले.

मला वाटलं काम झालं. सर मात्र उठून उभे राहिले होते. "साक्षीदार पढवायचा न्हाय!" ते म्हणाले. खिशातलं भडंग संपलेलं होतं, म्हणून आवाज पूर्ण लागला. "असल्या साक्षीपेक्षा नसलेली बरी!" आण्णांची साक्ष त्यांनी तिथंच रद्द केली, चहा मात्र प्यायले, आणि माझ्या गाडीत न बसता एसटीनं निघाले. एसटीच्या मागं मागं मी कोल्हापूरला आले. स्टँडवर ते उतरले, माझ्या गाडीत येऊन बसले आणि म्हणाले, "गडहिंग्लजला कधी जायाचं?"

गडहिंग्लजच्या बाई लेकीकडं राहत होत्या. लेक त्यांना अव्वा म्हणायची आणि आमचं बोलणं त्यांच्या कानात ओरडून सांगायची. या वेळी मी तोंड उघडलं नाही. सरांनी विचारलं, आक्कांचं काय आठवतंय?

अव्वा लगेच बोलल्या. "गोठ्याच्या दारात हुभी ऱ्हाऊन म्हनाली, आता पोरं आत, म्हशी भाईर. पुन्ना म्हशी हितं यायच्या न्हाईत."

लेकीनं पुन्हा विचारलं. अव्वांनी पुन्हा तेच सांगितलं, अक्षर न बदलता. चांगला साक्षीदार असाच असतो, हे आम्हाला सरांनीच शिकवलेलं.

येताना सर माझ्या शेजारी बसले होते. सायकल नव्हती तरी हेल्मेट मांडीवर होतं. उसाचे ट्रॅक्टर मागं टाकत आम्ही बरंच पुढं आलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "पावणं, मला सपान पडलं असंल का ओ?"

"कसलं सर?"

"ल्हान हुतो. त्ये 'व्हय' मीच माझ्या मनानं घातलं असंल. इतकी वर्सं पोरांना सांगत आलो. कडीला हात लावाय लावला." मग म्हणाले, "गोठ्याला पुरावा हाय. शब्दाला न्हाय."

मी गाडी चालवत राहिले. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याच्या बोलण्यावर शंका घेतली, त्याला स्वतःवर शंका घेताना मी पहिल्यांदा पाहत होते.

मीटिंग शाळेच्या सभागृहात झाली. सरांनी उभं राहून सांगितलं: आक्का असं म्हणाल्या, मास्तर 'व्हय' म्हणाले, मी ऐकलं. मग अध्यक्षांनी शांतपणे, अगदी सरांच्याच सुरात विचारलं, "पुरावा?"

सगळे माजी विद्यार्थी होते. कुणी हसलं नाही.

"न्हाय," सर म्हणाले. "एक साक्ष माझी हाय, ती धरता येत न्हाय. हुपरीची पढीवलेली हाय, ती मी बाद केली. गडहिंग्लजची इरुद्ध हाय." त्यांनी खिशातून भडंग काढलं आणि अध्यक्षांपुढं हात केला. अध्यक्षांनी दोन शेंगदाणे उचलले. "भिंत बांदा. नेम सगळ्यांना सारका."

भिंत झाली. बोळातलं फाटक बुजलं. मी इतिहासाची पानं मागायचं सोडून दिलं आणि यादीत त्या कामापुढं प्रश्नचिन्ह घातलं. सर रोज संध्याकाळी बोळात सायकल लावून बसलेले दिसतात असं शाळेचा शिपाई म्हणाला. बसू देत, मी म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला कुठंतरी बसावं लागतंच.

पाडव्याला मी लवकर शाळेकडं गेले. आक्कांचा नातू बबन म्हशी घेऊन येणार होता. अध्यक्षांनी त्याला बोलावून समजावलं होतं: बोळात वळायचं नाही, मोठ्या रस्त्यानं सरळ जायचं, नव्या गेटसमोर दोन मिनिटं थांबायचं, फोटो काढू. बबन म्हणाला होता, "सायेब म्हंत्याल तसं."

बबन मोटारसायकलवर पुढं होता. त्याच्या मागं चंदा म्हैस. भादरून तेल लावलेली, शिंगांना भगवा रंग, कपाळावर गोंडा. तिच्यामागं बाकीच्या. रस्त्याला ही गर्दी. बोळाच्या तोंडाशी बबन सरळ गेला. चंदा वळली.

"आगं ए चंदे! सटवे, हिकडं!" बबन गाडी टाकून पळत आला. तोवर सगळ्या म्हशी बोळात शिरल्या होत्या. चंदा बुजवलेल्या फाटकापाशी गेली आणि नव्या भिंतीला नाक लावून उभी राहिली. बाकीच्या तिच्या मागं. बबननं कासरा ओढला, शिट्ट्या मारल्या, गोंजारलं, मग आई-बापावरून शिव्या घातल्या. चंदा हलली नाही.

बोळ भरून गेला. मागं मोटारसायकली अडकल्या. लोकांनी फोन वर केले. कुणीतरी ओरडलं, "म्हशीला शाळंत जायाचंय आनि तुमची पोरं बसनं जात्यात व्हय रं, भाड्यांनो!" हशा झाला, आणि मग तो ओसरलाही. नटलेलं जनावर भिंतीकडं तोंड करून गप्प उभं आहे, हे फार वेळ हसून बघवत नाही.

अध्यक्ष नव्या सदऱ्यात वाट काढत आले. सर तिथंच कडेला होते, हेल्मेट घातलेले.

"सर, हे काय?"

"मला काय इचारता? माझी साक्ष तुमी धरत न्हाई. तिला इचारा."

अध्यक्षांनी चंदाकडं बघितलं. मग भिंतीकडं. भिंतीचा खर्च त्यांच्या डोळ्यांपुढं आला असणार. एक म्हातारी गर्दीतून म्हणाली, "आसं ताटकळत ठिवू नगंस रं पोरा, पाडवा हाय." अध्यक्षांनी खिशातून फोन काढला आणि म्हणाले, "गवंड्याला बोलवा."

गवंडी पाडव्याला कुठला सापडतोय? शेवटी अध्यक्षांनीच पहिली पहार घातली. कपडे खराब झाले. भिंतीला म्हैस जाईल एवढं भगदाड पडलं तेव्हा चंदा आत गेली, कडीपाशी थांबली, गूळ खाल्ला आणि आली तशी गेली. आता तिथं लहान लोखंडी गेट आहे. त्या दिवशीचं चित्रण सगळीकडं फिरलं आणि जूनमध्ये काही पालक 'ती म्हशीची शाळा हीच का' विचारत आले. अध्यक्ष हल्ली ती आपलीच कल्पना असल्यासारखं सांगतात. पुरावा कुणी मागत नाही.

दिवाळीनंतर सरांनी इतिहास आणून दिला. मी चार पानं मागितली होती, त्यांनी एक दिलं. आम्ही ते जसंच्या तसं छापलं. शेवट असा आहे: "पाडव्याला फाटक लावायचे नाही असे आक्का म्हणाल्या व मास्तरांनी होकार दिला. यास साक्षीदार दोन. एक प्रस्तुत लेखक. दुसरी चंदा म्हैस. गडहिंग्लजच्या बाईंचे म्हणणे वेगळे आहे."

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. दिवस-कार्य झाल्यावर मी काकूंना भेटायला गेले. हेल्मेट खुंटीला होतं. काकू स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होत्या. एकट्या माणसाला लागतील त्यापेक्षा चवड मोठी होती. मी विचारलं.

"सवय गं," काकू म्हणाल्या. "त्या मीटिंगवरून आले ना, तेव्हापासून यांना रोज संध्याकाळी चार भाकऱ्या जास्तीच्या लागायच्या. गूळ लावून. कागदात गुंडाळायचे आणि सायकलवरून निघायचे. मला वाटलं कुणा भिकाऱ्याला घालतात. एक दिवस मागं गेले, तर त्या बोळात! बबनच्या म्हशी पाण्यावरून परत येतात ना, त्या वेळेला. त्या नव्या भिंतीला टेकून उभे, आणि चंदेला भाकरी घालतायत. रोज. पाडव्यापर्यंत. नंतरही सोडलं नाही."

मी चवडीतल्या भाकऱ्या मोजल्या.

"मी म्हटलं, अहो, हे साक्षीदार पढवणं झालं," काकू भाकरी उलटत म्हणाल्या.

"मग? काय म्हणाले?"

"खिशात हात घातला, भडंग खाल्लं. मग म्हणाले, पढवीत न्हाय. आठवन करून देतोय."

भाकरी फुगली. काकूंनी ती काढून चवडीवर ठेवली आणि पदरानं डोळे पुसले, किंवा धूर गेला असेल. गॅसच्या शेगडीला धूर नसतो हे मला ठाऊक आहे. पण सगळ्यालाच पुरावा लागतो असं नाही.

स्मरणिकेची दुसरी आवृत्ती निघणार आहे आणि दुरुस्त्यांची यादी माझ्याकडंच आहे. सरांच्या पानावर मी कुठलीही खूण केली नाही. निघताना काकूंना म्हटलं, त्या वरच्या चार द्या कागदात बांधून, माझ्या वाटेवरच आहे. आता दिवाळी आली आहे. माझ्या रोजच्या यादीत फुलवाला, आचारी, मांडववाला यांच्या खाली संध्याकाळचं एक काम कायम असतं: 'बोळ. भाकरी चार, गूळ लावून.'

साक्षीदार फुटायला नको.